विज्ञानाच्या नियमांनुसार भुंगा उडूच शकत नाही, हे खरं आहे का?

अजिबात नाही. मी फडफडणाऱ्या पंखांभोवतीच्या प्रवाहावर संशोधन करतो, त्यामुळे हे वाक्य प्रेरणादायी भाषणांत ऐकलं की राहवत नाही.

1934 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंत्वान मान्याँ यांनी आपल्या पुस्तकात, सेंत-लाग्यू यांच्या आकडेमोडीच्या आधारे, कीटकांचं उडणं अशक्य ठरवलं होतं. पण त्यांनी लावलेलं गणित विमानाच्या पंखाचं होतं, एका वेगाने सरळ पुढे जाणाऱ्या. कीटकाचा पंख पुढे-मागे झोडपतो आणि प्रत्येक टोकाला उलटा होतो.

विमानाचा पंख समोरच्या हवेशी साधारण 15 अंशांपेक्षा जास्त कलला की वरचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, ढासळते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं पंख 40-45 अंशांत कलते ठेवतात! प्रवाह तिथेही सुटतो, पण त्याचा पुढच्या कडेवर भोवरा तयार होतो, आणि पंख मुळाभोवती फिरत असल्याने तो भोवरा निसटत नाही. भोवऱ्यात दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो. केंब्रिजच्या चार्ली एलिंग्टन यांच्या गटाने 1996 मध्ये पतंग या कीटकाच्या यांत्रिक प्रतिकृतीवर धूर सोडून हे दाखवलं.

चिलटाचा पंख दोन-तीन मिलिमीटरचा, सेकंदाला 200 फटके. त्यावरचं बल थेट मोजणं फार अवघड. म्हणून मायकेल डिकिन्सन, लेमान आणि संजय साने (आता बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत) यांनी 25 सेंटीमीटरचा पंख तेलाच्या टाकीत अगदी सावकाश हलवला. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचं जडत्व आणि त्याचा चिकटपणा यांचं गुणोत्तर, तोच ठेवला की प्रवाहही तसाच वागतो. त्यांच्या 1999 च्या निबंधात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: पंख दिशा बदलण्याच्या जरा आधी उलटला तर लिफ्ट वाढते, उशीर झाला तर घटते.

आमच्या टाकीतही लेझरच्या पातळ पडद्यात बुडबुडे चमकतात तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. परतीचा फटका सुरू होतो, पंखाने अजून वेग घेतलेला नसतो, तरी बलाचा आलेख उसळी मारतो, कारण पंख आधीच्या फटक्याने ढवळलेल्या द्रवात शिरलेला असतो. मागे सोडलेल्या ऊर्जेतला थोडा भाग त्याला असा परत मिळतो.

आमच्या प्रतिकृतीचा पंख ताठ आहे. खरा पंख वाकतो, पिळतो, आणि त्याने ही बलं कशी बदलतात यावरच माझं सध्याचं काम चालू आहे.