‘वगैरे’ची किती वर्षं धरायची?

नव्या वाचकांसाठी आधीच सांगतो, मी वकील नाही. कारागृह खात्यात एकतीस वर्षं लिपिक होतो, त्यातली बरीचशी न्यायिक विभागात. म्हणजे वॉरंट तपासायचं, शिक्षेचे दिवस मोजायचे, कोर्टाच्या तारखा लावायच्या आणि संध्याकाळी सुटणाऱ्यांची यादी गेटवर द्यायची. आता ठाण्यात उथळसरला राहतो. या महिन्यातली चारही पत्रं कायदा बदलल्यावर जेलवर काय येतं याच्या आसपासची आहेत, म्हणून एकत्र घेतली.

मुलगी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला असते. तिच्याकडे तीन महिने राहून आलो. तिथल्या बातम्यांत सारखं ऐकलं, की राज्याने कायदा केला आणि भार काउंटीच्या जेलवर पडला. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना? मग ठाणे जिल्ह्याची अशी ओरड कधी ऐकू का येत नाही?
— एक निवृत्त शिक्षक, वाशी

सर, काउंटीला जिल्हा म्हणायला हरकत नाही, पण खिसा निराळा आहे.

तिकडे प्रिझन आणि जेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे मालकही वेगळे. प्रिझन राज्याचं, लांब शिक्षेचं. जेल काउंटीचं: खटला चालू असलेले आणि वर्षभराच्या आतली शिक्षा लागलेले लोक तिथे. ते चालवतो शेरीफ, आणि तो मतं मागून निवडून येतो. पैसे मंजूर करणारे सुपरवायझरही निवडून आलेलेच. बराकीचं छप्पर गळलं तर ज्या तिजोरीतून काउंटीचे रस्ते आणि दवाखाने चालतात, तिच्यातूनच दुरुस्ती करायची.

२३ मे २०११ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘ब्राउन विरुद्ध प्लाटा’ या खटल्यात कॅलिफोर्नियाला बजावलं, की प्रिझनमधली गर्दी बांधीव क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा. ऐंशी हजारांपेक्षा कमी माणसांसाठी बांधलेल्या जागेत जवळपास दुप्पट माणसं होती, आणि आजारी कैद्यांचे त्यात हाल चालले होते. राज्याने असेंब्ली बिल १०९ करून ठेवलंच होतं. १ ऑक्टोबर २०११ पासून ज्यांचा गुन्हा गंभीर नाही, हिंसक नाही आणि लैंगिक नाही, असे दोषी राज्याच्या प्रिझनऐवजी काउंटीच्या जेलमध्ये शिक्षा भोगू लागले. तिकडच्या कचेऱ्यांत त्यांना ‘नॉन-नॉन-नॉन’ म्हणतात.

कागदावर हे एक ओळीचं काम आहे. जेलमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते मला विचारा. सहा महिन्यांत सुटणाऱ्याचा दात दुखला तर गोळीवर भागतं. चार वर्षं राहणाऱ्याला कवळी लागते, चष्मा लागतो, मधुमेहाची पथ्याची थाळी लागते. हाताला काम लागतं, पाय मोकळे करायला अंगण लागतं. इमारत तीच, शिपाई तेवढेच, पाहुणा मात्र मुक्कामाचा आला.

तिथल्या राज्याचं एक मात्र मला आवडलं. काम खाली ढकललं, तसा पैसाही खाली सोडला. या आणि अशाच सोपवलेल्या इतर कामांसाठी विक्रीकरातला १.०६२५ टक्क्याचा हिस्सा काउंट्यांना बांधून दिला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांनी प्रपोझिशन ३० ला (प्रपोझिशन म्हणजे थेट लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मत देऊन तो राज्याच्या घटनेतच घालून टाकला. पुढे २०१४ ला प्रपोझिशन ४७ आलं आणि ९५० डॉलरच्या आतली चोरी साधारणपणे किरकोळ गुन्ह्यांत गेली, जेलं थोडी हलकी झाली. नोव्हेंबर २०२४ ला लोकांनीच प्रपोझिशन ३६ ने ते काही अंशी फिरवलं: आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेला तिसऱ्यांदा सापडला, की पुन्हा मोठा गुन्हा. या खेपेला कायद्यात वेगळा कायमचा निधी लिहिलेला नव्हता. तुमच्या कानावर आलेली कुरकुर बहुधा हीच.

आता आपल्याकडे या. तुरुंग हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे, चौथी नोंद. फौजदारी कायदा मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात. म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा याचा नवा कायदा) केली संसदेने, १ जुलै २०२४ ला ती लागू झाली, आणि निभावायची राज्याने. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात जेलचं पान नसतं, महापालिकेच्याही नसतं. शिपायाचा पगार, डाळ, तांदूळ, औषधं सगळं गृह विभागाकडून पुण्याच्या मुख्यालयामार्फत येतं. त्यामुळे ‘माझं जेल भरलंय हो’ असं चौकात ओरडून सांगणारा निवडून आलेला माणूसच इथे नाही. अधीक्षक पुण्याला पत्र लिहितो, बस्स. ठाणे मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता १,१०५ आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिथे चार हजारांच्या वर माणसं असल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. शेरीफ असता तर निवडणुकीत हा आकडा गाजला असता. (गाजून त्याला फटका बसला असता असं मात्र नाही. ‘एवढे लोक आत टाकले’ म्हणून तोच जिंकलाही असता.)

ओझं इथेही खाली उतरतंच, फक्त ते बजेटात दिसत नाही. कैद्याला कोर्टात न्यायला गार्ड येते पोलीस मुख्यालयातून. गणपतीचा बंदोबस्त लागला की गार्ड नाही, रोजनाम्यात ‘आरोपी हजर नाही’ आणि पुढची तारीख. ती तारीख कुठल्याच खर्चाच्या सदरात मोडत नाही.

मी महापालिकेत मुकादम आहे. नवीन कायद्यात चोराला जेलऐवजी समाजसेवा देतात असं ऐकलं. उद्या असा माणूस माझ्या हजेरीशेडवर पाठवला तर त्याची हजेरी कोणी लावायची? पळाला तर मी जबाबदार का?
— एक वाचक, नेरूळ

मुकादम, प्रश्न असा हवा. भारतीय न्यायसंहितेचं (गुन्हे आणि त्यांच्या शिक्षांचा नवा कायदा) कलम ३०३ सांगतं, की चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला तर कलम ३५५ खालीही ती देता येते. काम कोर्ट ठरवणार आणि त्याचा मोबदला नाही, एवढं कायद्यात आहे. किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे न्यायसंहितेत लिहिलेलं नाही.

म्हणून आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय माणूस रुजू करून घेऊ नका. ठिकाण, तास, मुदत आणि अहवाल कोणाला द्यायचा, या चार गोष्टी त्यात नसतील तर तुमच्या कार्यालयामार्फत कोर्टाला लेखी विचारा. त्याची हजेरी वेगळ्या वहीत ठेवा, कामगारांच्या मस्टरवर त्याचं नाव चढवू नका. आला नाही तर त्याच दिवशी वरच्याला लेखी कळवा. त्याला शोधत फिरणं तुमचं काम नाही. जेलचा एक माणूस कमी झाला आणि तुमच्या शेडवर एक वाढला, हे खरं आहे. त्यासाठी तुम्हाला जादा माणूस मिळेल, अशी आशा मी दाखवणार नाही.

भावाला पंचवीस हजारांवर जामीन झाला, त्याला तीन आठवडे झाले. जामीनदार मिळत नाही. आम्ही भाड्याने राहतो.
— एक वाचक, दिवा

लगेच ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर पडला नाही, तर जेलने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असा सुप्रीम कोर्टाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. तुमच्या बाबतीत कळवलं का, ते विचारा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्यात जामिनासाठी मदत मिळू शकते. जिल्हा पातळीवरची समिती मंजुरी देते, आणि काही गुन्ह्यांना ती योजना लागू नाही. सोबतच वकिलाला सांगून रोख जामिनाचा किंवा रक्कम कमी करण्याचा अर्ज टाका. कोर्टाबाहेर भाड्याने मिळणारा जामीनदार घेऊ नका. त्याचं रेशनकार्ड खोटं निघालं, तर नवीन केस तुमच्यावर होईल.

माझा मुलगा मार्च २०२४ पासून आत आहे. घरफोडीची केस, पहिलीच. वकिलांच्या कागदावर ‘३८० वगैरे’ लिहिलंय. नवीन कायद्यात एक तृतीयांश दिवस भरले की सोडतात म्हणे. जेलबाहेर एक माणूस भेटतो, तो म्हणतो दहा हजार द्या, आतून अर्ज लावून देतो. द्यावेत का?
— एक आई, कळवा

ताई, एक रुपयाही देऊ नका. तो ज्या अर्जाचे दहा हजार मागतोय, तो करणं हे अधीक्षकाचं कायद्याने लावलेलं काम आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९, पोटकलम ३. मुदत भरली की अधीक्षकाने ताबडतोब कोर्टाला लेखी अर्ज करायचा. त्याला फी नाही.

तुमचं ऐकणंही बरोबर आहे. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांना निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर हे लागू नाही. अटक जुलै २०२४ च्या आधीची असली तरी लागू, असं सुप्रीम कोर्टाने २३ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं. म्हणजे तुमच्या मुलालाही लागू.

अडचण त्या ‘वगैरे’त आहे.

निम्म्या मुदतीचा नियम मुळात जुना, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६-अ, जून २००६ मध्ये लागू झाला. मी तेव्हा एका जिल्हा कारागृहात होतो, नाव नको. दोन पानी परिपत्रक आलं: ज्यांचे निम्मे दिवस भरले त्यांची यादी द्या. जादा लिपिक नाही, संगणक होता तो साहेबांच्या केबिनमध्ये झाकून ठेवलेला. मी आणि एक सहकारी, तीन रात्री वॉरंटं काढून बसलो. एका वॉरंटवर लिहिलं होतं ‘भादंवि ३७९ वगैरे’. साध्या चोरीला तीन वर्षं, निम्मं दीड. त्या माणसाचे सव्वादोन झाले होते. पण ‘वगैरे’ची किती वर्षं धरायची? साहेब म्हणाले, खात्री नसेल तर यादीत घालू नकोस. घातलं नाही. कोर्टाला विचारणारं पत्र गेलं, उत्तर यायला चार महिने लागले. ‘वगैरे’मध्ये कलम ४११ निघालं, चोरीचा माल जवळ बाळगल्याचं, त्यालाही तीनच वर्षं. तो माणूस सुटला, जाताना मला नमस्कार करून गेला. त्याला काय माहीत, यादीतून त्याचं नाव मीच गाळलं होतं.

आता तुमचं गणित. नुसतं ३८० (घरातली चोरी) असेल तर कमाल शिक्षा सात वर्षं, एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. मार्च २०२४ पासून धरलं तर जुलै २०२६. पण घरफोडी रात्रीची असेल तर पोलीस सोबत ४५७ लावतात, आणि त्यात चोरीचा हेतू असेल तर कमाल शिक्षा चौदा वर्षं. त्याचं एक तृतीयांश चार वर्षं आठ महिने. गंमत बघा, ही केस ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालते, त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. तरी मोजायचे चौदा, कारण कलम ४७९ गुन्ह्याला कायद्यात लिहिलेली कमाल शिक्षा बघतं. हा नियम लिहिणाऱ्याने कधी वॉरंटाचा गठ्ठा उपसला नसावा.

म्हणून आधी दोषारोपपत्राची प्रत मिळवा आणि सगळी कलमं उतरवून घ्या. दुसरी कुठली केस त्याच्यावर दाखवली आहे का, हेही बघा, कारण एकापेक्षा जास्त केसेस असतील तर या कलमाचा फायदा देत नाहीत. कलम ४५७ निघालंच तर ४७९ ची वाट बघत बसू नका. केस न्यायदंडाधिकाऱ्याकडे आहे आणि पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत खटला संपला नसेल, तर कलम ४८०, पोटकलम ६ खाली जामीन मागता येतो. नाकारायचा तर कोर्टाला कारण लिहावं लागतं. मुलगा आत आहे म्हणजे त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तुमचं उत्पन्न कितीही असो.

आणि एक अर्ज तुम्ही स्वतः अधीक्षकांच्या नावे लिहा, साध्या मराठीत, एका पानावर. मुलाचं नाव, केस नंबर, अटकेची तारीख, आधी शिक्षा झालेली नाही हे वाक्य, आणि प्रत्येक कलम वेगळ्या ओळीवर. दोन प्रती न्या. आवक टेबलवर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘जेवायची सुट्टी झाली’ म्हणतील. बाहेर बसा, सुट्टी संपते.