फॅरालॉन बेटांवर कोणी राहतं का, आणि अंड्यांवरून तिथे खरंच गोळीबार झाला होता का?

दोन्हीचं उत्तर हो. मी बे एरियात राहतो, हवा स्वच्छ असली की सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून ही बेटं दिसतात, शहरापासून साधारण ४३ किमी. बेटं कसली, नुसते खडक.

आधी अंड्यांचं सांगतो. १८४९ ला कॅलिफोर्नियातल्या सोन्यापायी माणसांचे लोंढे आले, शहर एकदम फुगलं, पण एवढ्या कोंबड्या आणणार कुठून? आणि इकडे बेटांवर कॉमन मर नावाचे समुद्रपक्षी लाखोंनी. अंडं कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट, एका टोकाला निमुळतं, उकडलं तरी पांढरं अर्धवट पारदर्शकच राहतं, बलक भडक केशरी, आणि जरा शिळं झालं की मासळीचा वास, पण बेकरीत सगळं खपून गेलं. गोळा करायची पद्धत भयंकर होती. सीझनला गेल्या गेल्या दिसतील ती सगळी अंडी फोडून टाकायची, म्हणजे उद्या मिळतील ती ताजीच! मग ढगळ शर्टात अंडी भरून निसरड्या कड्यांवरून खाली उतरायचं.

पैसा दिसल्यावर एका कंपनीने बेटांवर हक्क सांगितला, बाकीच्या टोळ्या ऐकेनात, आणि जून १८६३ मध्ये होड्यांतून आलेली टोळी आणि कंपनीची माणसं यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडचा एकेक माणूस गेला. १८८१ ला सरकारने कंपनीला हाकललं. तोवर जवळच्या पेटालुमा गावात पोल्ट्रीही सुरू झालेली, पण पक्षी पार कमी झाले ते झालेच.

राहण्याचं म्हणाल तर १८५५ पासून दीपगृह आहे, पूर्वी रखवालदार बायकामुलांसकट राहायचे. खडकात एक भोक होतं, लाट आली की त्यातून हवा सुसाट वर यायची, त्यावर चक्क शिट्टी बसवली होती, फुकटचा भोंगा! फक्त समुद्र शांत असला की भोंगा गप, आणि धुकं बरेचदा नेमकं तेव्हाच. सामान ओढायला खेचर होतं, ते बोटीची शिट्टी ऐकली की लपून बसायचं म्हणे. हुशार प्राणी.

आता फक्त संशोधक राहतात, १९६८ पासून ते तिथे काम करतायत. आपल्याला उतरता येत नाही, अभयारण्य आहे. बोटीतून लांबून बघता येतं, पण उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, बोट लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही.