अल्सेशियन की जर्मन शेफर्ड?

प्रश्न : आमच्या आबांकडे पूर्वी अल्सेशियन होता. आता केळीच्या मळ्यात राखणीला तसाच हवा आहे. विक्रेता म्हणतो, 'जर्मन शेफर्ड साधा, अल्सेशियन दुर्मिळ, म्हणून महाग.' खरं काय?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, एका पैशानेही जास्त देऊ नका. कुत्रा एकच आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये 'जर्मन' शब्द कुणाला नकोसा झाला, म्हणून फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सेस प्रांताचं नाव याला चिकटवलं. इंग्लंडच्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) जर्मन शेफर्ड हे नाव परत आणलं ते 1977 मध्ये. आपल्याकडे इंग्रजांचाच शब्द रुळला. आबा बोलले त्यात काही वावगं नाही.

अशी गंमत आणखीही आहे. ग्रेट डेन डेन्मार्कचा नाही, जर्मनीचा; तिथे त्याला डॉइचे डॉगे म्हणतात. नुसतं 'कॉकर स्पॅनिएल' म्हटलं तर अमेरिकेत एक जात, इंग्लंडमध्ये दुसरी. आणि आपल्या गल्लोगल्ली दिसणारा 'पामेरियन' बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो! खरा पोमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोंचा.

तेव्हा नाव सोडा, पिल्लाचे आईबाप बघायला मागा. जर्मन शेफर्डचा नर खांद्यापाशी 60 ते 65 सेंटिमीटर उंच भरतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू मात्र घेऊ नका, ते विकणं नियमात बसत नाही. दाट केसांचं जनावर आहे, आपल्या वैशाखात त्याला भर दुपारी साखळीला बांधून ठेवू नका.