गोष्टीतला गावाकडचा मुलगा नुसत्या बादल्याच का उचलतो?

प्रिय आत्या,

पत्राखाली तुम्ही 'एक आत्या' अशी सही केली आहे, म्हणून मीही त्याच नावाने लिहिते.

वाचकांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगते. तुमचे दादा-वहिनी शहर सोडून गावी राहायला गेले. तिथे ते शेळ्या-कोंबड्या पाळतात. तुमची दोन्ही मुलं एक मोठी सुट्टी त्यांच्याकडे राहून आली आणि त्यावरून तुम्ही मुलांसाठी एक कादंबरी लिहिलीत. शहरातली भावंडं गावी येतात, आधी नाकं मुरडतात, मग एका शेळीचा लळा लागतो आणि रमतात. प्रकाशकांनी होकार दिला आहे. तुम्ही हौसेने ती घरच्यांना वाचून दाखवायला बसलात, तर तेरा वर्षांचा भाचा मध्येच म्हणाला, "आत्या, शेळी असं करत नाही," आणि उठून गेला. वहिनी म्हणाल्या, "माझा पोरगा तुमच्या गोष्टीत नुसत्या बादल्या उचलतो." तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलतात. मुलांच्या गोष्टीत एवढीही सूट घ्यायची नाही का, आणि वहिनींचा राग कसा घालवू, असं तुम्ही विचारलं आहे.

सोबत पाठवलेली तीन प्रकरणं मी वाचली. खुराड्यात हात घालताना धाकटी डोळे घट्ट मिटून घेते आणि अंडं गरम लागल्यावर दचकते, ते वाचताना मी तिच्याबरोबर होते. तुम्हाला लिहिता येतं. पण वहिनी आणि भाचा दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत.

दुसऱ्या प्रकरणात तुमचा शहरातला मुलगा पहिल्याच संध्याकाळी शेळीखाली बसतो आणि बादली भरून दूध काढतो. नवख्या हाताला शेळी सहसा असा पान्हा सोडत नाही. बिचकलेलं जनावर दूध चोरतं. भीतीने त्याच्या अंगात जे रसायन सुटतं, ते पान्हा फोडणाऱ्या संप्रेरकाच्या आड येतं. धार काढणं हे हाताचं कसबही आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सड वरच्या बाजूने आवळायचा, म्हणजे दूध सडात कोंडलं जातं. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक बोटं मिटत खाली यायचं. वरची पकड सैल राहिली की दूध पुन्हा कासेत चढतं आणि बादलीत थेंबही पडत नाही. सुरुवातीला मनगटं भरून येतात. भाच्याला हे येतं आणि तो रोज करतो. तुम्ही त्याचं हे कसब पाहुण्या मुलाला देऊन टाकलंत आणि त्याच्या हाती बादली ठेवलीत. तो उठून का गेला, हे मला तरी स्वच्छ दिसतं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. तुमची शेळी तीनही प्रकरणांत दूध देते, पण करडू कुठेच दिसत नाही. व्यायल्याशिवाय शेळीला दूध येत नाही. गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवसांनी ती विते, पुष्कळदा जुळी होतात. जन्मलेल्या करडाला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळावा लागतो. रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच येते, आणि ती शोषून घेण्याची पिलाच्या आतड्याची क्षमता पहिल्या दिवसभरातच ओसरते. म्हणून रात्री-अपरात्री कोणीतरी कंदील घेऊन गोठ्यात बसतं आणि लटपटणारं करडू पुन्हा पुन्हा सडाला लावतं. मग पुढचा प्रश्न येतोच. करडांतले साधारण निम्मे नर. नर दूध देत नाहीत आणि कळपाला एखादा बोकड पुरतो. बाकीचे विकले जातात, बहुतेक मांसासाठी.

हे सगळं तुम्ही जाणूनबुजून गाळलंत, कारण वाचणारी मुलं रडतील, असं तुम्ही लिहिता. रडू देत. आठ-दहा वर्षांच्या वाचकाला दूध कुठून येतं हा प्रश्न पडतोच, आणि मोठ्यांनी काहीतरी झाकलंय हे त्याला लगेच कळतं. तुमच्या धाकटीने करडाला नाव ठेवलं आहे, अशी कल्पना करा. विकायच्या करडांना नावं ठेवायची नाहीत, असं पुष्कळ घरांत ठरलेलं असतं. गावचा मुलगा शेजारीच उभा आहे. त्याला पुढे काय होणार ते ठाऊक आहे. तो तिला थांबवतो का? की तिच्यासाठी गप्प बसतो, आणि विकायच्या दिवशी ती त्याच्यावर चिडते? कादंबरी इथे सुरू होते. इथे मुलगा बादल्या उचलेल, पण त्याच्या मनात काय चाललंय हे वाचकाला कळेल.

अशा बहुतेक गोष्टींत गाव, जनावरं आणि गावची मुलं शहरातल्या मुलाला सुधारण्यापुरतीच येतात. तो शहाणा झाला की त्यांचं काम संपतं. पण ज्यांच्या घरी पाहुणा येतो त्यांचंही काहीतरी हलतं. योहाना श्पीरी यांची 'हायडी' ही डोंगरात राहणाऱ्या मुलीची कादंबरी १८८० आणि १८८१ साली दोन भागांत आली. तिच्यात शेळ्या राखणारा हायडीचा मित्र पीटर आहे. शहरातून चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असलेली क्लारा येते, हायडीचा सगळा वेळ तिला मिळू लागतो, आणि पीटर रागाने ती रिकामी खुर्ची उतारावरून ढकलून देतो. चांगलं वागलेला नाही तो. पण त्याच्याकडे गमावण्यासारखं स्वतःचं काहीतरी आहे, म्हणून तो लक्षात राहतो. तुमच्या भाच्यासारख्या मुलाला कादंबरीत मत्सर, कंटाळा, अभिमान यांतलं काहीच नाही, नुसता मदतीचा हसरा चेहरा आहे. तुमच्या मुलांची मामीही दारात उभी राहून हसते एवढंच.

कोंबड्यांचं प्रकरण थोडक्यात. नवी कोंबडी आली की जुन्या तिला सामावून घेतात, असं तुम्ही लिहिलंत. प्रत्यक्षात टोचतात. कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरूप-एबे यांनी ती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवली होती. नवी कोंबडी कडेकडेने वावरते, तिला शेवटी खायला मिळतं, आणि शहाणा पाळणारा तिच्यासाठी दाण्यांचं दुसरं भांडं लांब ठेवतो. हे दुसरं भांडं भाच्याला ठेवू द्या. भावंडांना नुसतं बघू द्या, समजावून सांगू नका.

सूट हवी तेवढी घ्या. शेळीला बोलायला लावलंत तरी माझी हरकत नाही. फक्त बोलणाऱ्या शेळीलाही दूध येण्याआधी करडू व्हायला हवं.

वहिनींकडे जाताना हस्तलिखित नेऊ नका. सुधारलेली प्रत पुढे करून माफी मागितली, तर बोलणं पुन्हा तुमच्या पुस्तकावर येईल. "गोष्टच आहे, मनावर घेऊ नका" हे वाक्य तर अजिबात नको. त्यांना विचारा की तुमची मुलं तिथे होती तेव्हा पहाटेची धार कोण काढायचं. दुभत्या जनावराला सुट्टी नसते. पाहुणे असोत, ताप असो, सकाळ-संध्याकाळ कास मोकळी करावीच लागते, नाहीतर ती सुजते. तुमच्या मुलांच्या त्या सुंदर सुट्टीत वहिनींना एकही सुट्टी नव्हती, आणि कादंबरीत ते कुठे उमटलं नाही. हे तुमच्या लक्षात आलंय, एवढंच आधी त्यांना कळू दे. त्या जे बोलतील ते ऐकून घ्या, वही काढू नका.

आणखी एक. कादंबरीतल्या शेळीचा डावा कान फाटलेला आहे, आणि तो दादांच्या खऱ्या शेळीचा आहे, असं तुम्हीच लिहिलंत. घर ओळखू येईल असे तपशील दादा-वहिनींना विचारून ठेवा किंवा बदला.

प्रकाशकांकडून मुदत वाढवून घ्या. चांगला प्रकाशक अशा कारणासाठी थांबतो.

भाच्याशी मात्र वेगळं बोला, आईवडिलांच्या देखत नको. त्याला सरळ सांगा की शेळीबद्दल तू म्हणालास ते खरं होतं, आणि चुका काढून देशील का विचारा. तो हो म्हणाला तर धारेचं प्रकरण आधी त्याच्या हाती द्या. जनावरांच्या बाबतीत तो सांगेल ते बिनतक्रार बदला. गोष्ट कुठे न्यायची ते तुम्ही ठरवा, आणि तेही त्याला आधीच सांगून ठेवा. पुस्तकात त्याचे आभार मानायचे की नाही, ते त्याला ठरवू द्या. तो नाही म्हणाला, तर शेळ्या पाळणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या आणि त्याला पुन्हा विचारू नका.