साथीच्या काळातील बातमीदारी आणि आपली मुलगी

सप्रेम नमस्कार,

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला पदवीनंतर पत्रकारितेकडे वळायचे आहे, आणि कोरोनाच्या काळात बातम्यांनी लोकांना घाबरवण्यापलीकडे काय केले, असे आपण पत्रात विचारले आहे. घबराट वाढवणाऱ्या वाहिन्या मीही पाहिल्या. परंतु त्याच वेळी शेजारच्या गुजरातमध्ये जे घडले, तेही आपण विचारात घ्यावे अशी विनंती आहे.

एप्रिल 2021 मध्ये ‘संदेश’ या दैनिकाचे बातमीदार अहमदाबादच्या सरकारी कोविड रुग्णालयातील शवागाराबाहेर तासन्‌तास थांबून बाहेर पडणारे मृतदेह मोजत होते आणि रात्री स्मशानभूमी पालथ्या घालत होते, कारण सरकारी आकडा आणि पेटणाऱ्या चिता यांचा मेळ बसत नव्हता. पुढच्याच महिन्यात ‘दिव्य भास्कर’ने हिशेब मांडला: 1 मार्च ते 10 मे या काळात राज्यात 1,23,871 मृत्यू दाखले दिले गेले होते, आदल्या वर्षी याच काळात 58,068, आणि सरकारने जाहीर केलेले कोरोनाचे बळी होते 4,218. नोंदणी उशिरा होते, एकाच मृत्यूचे अनेक दाखले काढले जातात, असा खुलासा शासनाने केला. तो उडवून लावण्यासारखा नव्हता. साध्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापलेले नसते, त्यामुळे वाढलेला प्रत्येक दाखला कोरोनाचाच मानणे चूक ठरले असते. तरीही दुपटीहून मोठी वाढ एवढ्याने उलगडत नाही. हा बारकावा ज्याला कळतो, त्याचीच बातमी टिकते, आणि आपल्या मुलीचे विज्ञान इथेच कामी येणार आहे. पुढे मृतांच्या वारसांना 50,000 रुपये देण्याची वेळ आली, तेव्हा गुजरातेत मंजूर झालेले दावे अधिकृत बळींच्या कित्येक पट निघाले. ज्या घरातला माणूस आकड्यातच नव्हता, त्या घरासाठी या मोजणीचे मोल काय होते, हे वेगळे सांगायला नको.

तिने पदवी मात्र पूर्ण करावी, संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा आणि मगच पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी प्रवेशाचा प्रयत्न करावा. सुरुवातीची काही वर्षे पगार तुटपुंजा असतो, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

तूर्त तिला आपल्या नगरपालिकेकडे गेल्या पाच वर्षांतील मृत्यूनोंदणीचे महिनावार आकडे माहितीच्या अधिकारात मागायला सांगा. उत्तर आल्यावर तिने स्वतः केलेला तक्ता मला पाठवावा. तो पाहून पुढचे बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक