जुन्या जीपला डायनामोच्या जागी अल्टरनेटर: एक वायरचा की तीन वायरचा?

डायनामो काय, अल्टरनेटर काय, दोन्ही इंजिनवर फिरून वीज बनवतात आणि बॅटरी चार्ज करतात. रोज ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जाणार असाल तर अल्टरनेटर तीन वायरचाच घ्या. एक वायरचा जोडायला सोपा, पण इंजिनने ठरावीक वेग गाठल्याशिवाय तो चार्जिंग सुरूच करत नाही. शिवाय तो व्होल्टेज स्वतःच्याच टोकाशी मोजतो. भर पावसात वायपर, हेडलाइट चालू आणि गाडी त्याच रोडवर गायमुखला अडकलेली, तेव्हा बॅटरीपर्यंत किती पोचतंय हे त्याला कळत नाही.

तीन वायरमध्ये जाड वायर बॅटरीच्या प्लसला जाते. दुसरी सेन्सिंगची, म्हणजे व्होल्टेज मोजण्याची. बरेच जण ती अल्टरनेटरच्याच बोल्टला अडकवून मोकळे होतात, मग तिचा उपयोगच संपतो! ती बॅटरीजवळ जोडा, किंवा जिथून सगळा लोड वाटला जातो तिथे. तिसरी इग्निशनवरून डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून येते. दिवा वगळून थेट 12 व्होल्ट देऊ नका, रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) जळू शकतो.

डायनामोचा जुना कटआउट (बॅटरीतून डायनामोत उलटा करंट जाऊ न देणारा स्विच) काढून टाका. त्याची बारीक वायरही ठेवू नका, तापते. नव्या जाड वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. शेवटी हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर धरा: साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत.