मुंबईत विचित्र नवी गाडी आली की लोक घाबरतात की खूश होतात?

आधी बघायला गर्दी करतात, विश्वास मागाहून ठेवतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तोफांची सलामी झाली, रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बैल नाही, घोडा नाही, तरी एवढे डबे पळतायत म्हटल्यावर हे भुताखेताचं काम, असंही लोक बोलत. पुढे त्याच लोकांनी गाडीत बसून देवदर्शनाच्या यात्रा केल्या.

१९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ट्रामचे घोडे गेले. १९६४ मध्ये तीही बंद झाली, तेव्हा शेवटच्या फेरीला निरोप द्यायला रस्त्यावर तुफान गर्दी होती.

मोनोरेलचं उलटं झालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा पोराबाळांना घेऊन लोक रांगा लावून होते. हौस फिटली आणि डबे रिकामे धावू लागले. तेव्हा चेंबूर ते वडाळा एवढ्याच पट्ट्यात रोजच्या नोकरदाराचं काय भागणार होतं?

आता विजेवरची वातानुकूलित डबलडेकर. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला आजही झुंबड उडते, पण काच उघडत नाही, वारा लागत नाही, ही जुन्या प्रवाशांची तक्रार मला अगदी रास्त वाटते.